करंटकाकूंचं उट्टं

करंटकाकू कुणालाही माफ करत नाहीत. ही त्यांची निंदा नव्हे, ओळख आहे. काही माणसं जशी उंच असतात किंवा काहींना जसं ताक सोसत नाही, तशी काकूंना माफी सोसत नाही.

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने एकदा त्यांच्या यजमानांचा शर्ट जाळला आणि वर म्हणाला, "कापडच हलकं होतं." शर्ट जळाल्याचं काकू विसरल्याही असत्या. 'कापडच हलकं होतं' हे मात्र विसरल्या नाहीत. तेव्हापासून त्या इस्त्री घरीच करतात आणि तीही त्याच्या दुकानासमोरच्या खिडकीत उभ्या राहून, त्याला नीट दिसेल अशी. शेजारच्या वेल्डरने त्यांचा पाना नेला, दात मोडून परत आणला आणि "असाच होता" म्हणाला. आता वेल्डर काकूंच्या दुकानावरून जाताना "काय काकू, बरं आहे ना?" असं विचारतो आणि काकू रोज तितक्याच शांतपणे सांगतात, "असंच होतं."

चूक करणारा माणूस काकूंना चालतो. चूक करून ती दुसऱ्याच्या गळ्यात मारणारा चालत नाही. असा माणूस एकदा त्यांच्या डोक्यात बसला की तिथून तो उठत नाही. तिथे त्याची रोज साफसफाई होते, त्याला तेलपाणी होतं आणि वेळ येईपर्यंत तो चालू स्थितीत ठेवला जातो.

काकूंचा धंदा ट्रॅक्टरच्या विजेचा. वायरिंग, डायनॅमो, बॅटरी आणि मुख्य म्हणजे सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला हिसका देणारी मोटर. ही विद्या त्यांच्याकडे सासऱ्यांकडून आली. सासऱ्यांना ती खरं तर थोरल्या मुलाला द्यायची होती, पण थोरला विजेला भ्यायचा. घरातल्या दिव्याचं बटण दाबतानासुद्धा तो तोंड फिरवून डोळे मिटायचा. शेवटी तो ट्रॅक्टरच्या गाद्या शिवायला लागला आणि त्यात त्याने नाव काढलं, कारण गादीतून झटका बसत नाही. त्याच्या वाटची विद्या मग त्याच्या नव्या नवरीने उचलली. सासरे शिकवायचे आणि सून शिकायची. सोबत धाकटा मुलगा, म्हणजे काकूंचा दीर, शिकल्यासारखं करायचा.

या दिराला सगळी गल्ली 'डायरेक्ट' म्हणते. कारण त्याच्याकडे प्रत्येक दुखण्यावर एकच औषध. फ्यूज उडतो? तार घालून डायरेक्ट. बटण बिघडलं? डायरेक्ट. सेल्फ ऐकत नाही? स्क्रूड्रायव्हर आडवा घालून दोन बोल्ट जोडले, ठिणगी उडाली, इंजिन लागलं, डायरेक्ट. गिऱ्हाईक खूश, कारण काम चहा निवायच्या आत झालेलं असतं. मधल्या ज्या वस्तू त्याने वगळल्या त्या कारखान्याने काही कारणाने बसवल्या असतील, असा विचार त्याच्या मनाला कधी शिवला नाही. दिसायला देखणा, बोलायला गोड आणि हाताला चपळ. सासरे म्हणायचे, "याचा हात चांगला आहे, पण डोकं त्याने मधून काढून टाकलंय."

सासरे गेल्यावर शेडचे दोन भाग झाले. मधोमध पत्रा उभा राहिला. एकीकडे काकू, दुसरीकडे डायरेक्ट. पत्रा दिसण्यापुरता होता, ऐकण्यापुरता नव्हता. इकडे शिंक आली की तिकडे कळायचं आणि तिकडे नटबोल्ट पडला की तो किती नंबरचा ते इकडे ओळखता यायचं. तरी त्या काळात दोघांचं बरं चाललं होतं. काकू त्याला अरेतुरे करायच्या, तो "वहिनी, जरा मीटर द्या ना" म्हणत पत्र्याच्या कडेने हात घालायचा आणि काकू शिव्या घालत मीटर द्यायच्या.

मग तो बुटका ट्रॅक्टर मध्ये आला.

गावाबाहेर रोपवाटिका आहे. मालकीणबाई रोपं वाढवतात, विकतात आणि त्यांच्याकडे एक जुना, लहानखुरा ट्रॅक्टर आहे. इतका बुटका की पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावं, अजून वाढायचा आहे. पण रोपांच्या दोन वाफ्यांमधून जाणारा तो एकच. मोठे ट्रॅक्टर तिथे शिरले तर निम्मी बाग चाकाखाली जाईल. त्याचं सगळं वायरिंग काकूंनी एकदा नव्याने केलं होतं. पुढे काही दिवसांनी एका संध्याकाळी तो सुरू होईना. काकू बाहेर गेल्या होत्या, म्हणून डायरेक्ट गेला आणि सुरू करून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या वडिलांनी, म्हणजे आजोबांनी, खाली जमिनीवर उभं राहूनच ट्रॅक्टरची चावी फिरवली. ही त्यांची जुनी सवय. ट्रॅक्टर गिअरमध्ये होता. गिअरमध्ये असताना सेल्फ फिरू नये म्हणून गिअरबॉक्सवर एक छोटा स्विच असतो. गिअर न्यूट्रलला असेल तरच तो करंट पुढे सोडतो. त्या सकाळी त्याने सोडला. बुटका ट्रॅक्टर उडी मारून आजोबांच्या पायावरून गेला आणि समोरच्या काचघरात घुसला. काचा फुटल्या, रोपं गेली आणि आजोबांचा पाय गुडघ्याखाली मोडला. पाय जुळला, पण जुळताना त्याने स्वतःचा वेगळा कोन निवडला.

लोक जमले. डायरेक्टही धावत आला. आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "मी काल नुसती बॅटरी बघितली. वायरिंग सगळं वहिनीचं आहे."

काकू पोचेपर्यंत हे वाक्य बाग ओलांडून बाजारात गेलं होतं. त्यांनी गिअरबॉक्सवरचा स्विच बघू द्या म्हणून सांगितलं. बाईंनी त्यांना ट्रॅक्टरला हात लावू दिला नाही. ट्रॅक्टर डायरेक्टकडे गेला. त्याने नवा स्विच बसवला आणि वर माया म्हणून सगळ्या ट्रॅक्टरला फवाऱ्याने झकास निळा रंग मारून दिला. लाल गेला, निळा आला. बाई गहिवरल्या.

तेव्हापासून काकूंनी दिराला अरेतुरे करणं सोडलं. त्या त्याला 'भावजी' आणि 'तुम्ही' म्हणू लागल्या. त्या 'तुम्ही'त असा गारठा असायचा की तो ऐकून डायरेक्ट भर दुपारी बाह्या खाली करायचा. पत्र्याच्या कडेने मीटर मागणारा हात बंद झाला. यजमान एकदा धीर करून म्हणाले, "अगं, जाऊ दे ना. भाऊ आहे माझा." काकू म्हणाल्या, "म्हणून तर जिवंत आहे." यजमान परत गादीच्या शिवणीकडे वळले ते आजतागायत त्या विषयावर वर पाहिलेले नाहीत.

काम कमी झालं याचं काकूंना फार वाटलं नाही. त्यांना डाचत होते ते आजोबा. आजोबा बाजारात काठी टेकत यायचे आणि काकूंच्या दुकानासमोर थांबून काठी वर करून, जो असेल त्याला सांगायचे, "हिच्या तारांनी माझा पाय खाल्ला." आजोबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे ते स्वतःही गल्लीला ऐकू जाईल असंच बोलतात. काकू हातातली तार दातांनी सोलायच्या, पक्कड समोर असताना. वर्षं सरत होती, आजोबा वाकत होते आणि काकूंना एकच घोर लागला होता. हा म्हातारा हे असंच मनात घेऊन गेला तर? मग खरं काय ते कळून उपयोग कुणाला? डायरेक्टने शंभर जणांसमोर कबूल केलं तरी ज्याचा पाय मोडला तोच ऐकायला नसेल. आजोबांना साधा खोकला झाला तरी काकू बाजारात चौकशी करायच्या. बाजाराला वाटायचं, किती हो मन मोठं.

या हंगामात बुटक्या ट्रॅक्टरने पुन्हा असहकार पुकारला. चावी फिरवली की नुसतं 'टक्'. पुन्हा फिरवली, पुन्हा 'टक्'. कधी दहा वेळा टक् करून अकराव्यांदा लागायचा, कधी गडी उतारावरून ढकलून लावायचे. डायरेक्टने बॅटरी बदलली. टक्. सेल्फ बदलला. टक्. चावीचा स्विच बदलला. टक्. स्क्रूड्रायव्हर आडवा घातला, तर ठिणगी मोठी आणि आवाज तोच. शेवटी तो बाईंना म्हणाला, "याचं आयुष्य संपलं. नवा घ्या."

नवा वाफ्यात मावणार नव्हता. रोपं तयार होती, न्यायला गाड्या येणार होत्या. तेव्हा एका सकाळी बाई डायरेक्टच्या दारावरून पुढे गेल्या आणि पत्र्याच्या या बाजूला काकूंसमोर उभ्या राहिल्या. पलीकडचा हातोडा थांबला.

"जुनं मनात ठेवू नका," बाई म्हणाल्या.

"मग कुठे ठेवू?" काकू म्हणाल्या. "बसा."

बाईंनी सगळं सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "वडील कसे आहेत?"

"आहेत. का हो?"

"चालतंय ना त्यांना? बसवतंय?"

"बसतात की अंगणात."

"मग येते. पण माझी एक अट. मी काम करत असताना त्यांनी समोर खुर्ची टाकून बसायचं. सगळं बघायचं."

"ते तुम्हाला बोलतील हो. तोंड फार वाईट आहे त्यांचं."

"बोलू दे," काकू म्हणाल्या आणि पत्र्याला ऐकू जाईल अशा आवाजात पुढे बोलल्या, "तोंड वाईट असलेली माणसं मला चालतात. गोड असलेल्यांचा त्रास होतो."

पलीकडे हातोडा पुन्हा सुरू झाला, पण ताल चुकला होता.

रोपवाटिकेत काकू पोचल्या तेव्हा आजोबा खुर्चीत तयार होते. त्यांनी काठी वर केली. "आली बघा. आता उरलेला पाय न्यायला आली."

"तो राहू दे तुमच्याकडे," काकू म्हणाल्या आणि बॉनेट उघडलं.

आधी त्यांनी बॅटरी मोजली. नवी कोरी, भरलेली. दिवे लावून चावी फिरवली. टक् झालं आणि दिवे विझल्यासारखे झाले. म्हणजे सेल्फ करंट मागत होता, बॅटरी द्यायला तयार होती आणि मध्येच कुठेतरी तो अडत होता. जाड तारेचं एकेक टोक त्यांनी हलवून पाहिलं. बॅटरीपासून सेल्फपर्यंतची वाट स्वच्छ होती. डायरेक्टनेही इथपर्यंत पाहिलं असणार. पण करंट नुसता जाऊन भागत नाही, तो परतही यावा लागतो. जायची वाट तारेची, यायची ट्रॅक्टरच्या लोखंडी अंगाची. काकूंनी मीटरचं एक टोक बॅटरीच्या उण्यावर, म्हणजे मायनसवर ठेवलं, दुसरं सेल्फच्या अंगावर आणि बाईंना चावी फिरवायला सांगितली. काटा जिथे जेमतेम हलायला हवा, तिथे तो ऐटीत वर चढला. म्हणजे अडथळा परतीच्या वाटेत होता.

काकू ट्रॅक्टरखाली गेल्या. बॅटरीची उणी पट्टी जिथे अंगाला बोल्टने बसवली होती तिथे बोट फिरवलं आणि त्यांना हसू आलं. पट्टी लोखंडावर नव्हती, रंगावर होती. दिराने मायेने सगळीकडे मारलेल्या त्या निळ्या रंगावर पट्टी तशीच आवळली होती. बोल्टच्या आट्यांतून जेवढा काही करंट परतायचा तेवढ्यावर इतकी वर्षं निभलं. आता तिथे गंज चढला आणि वाट बुजली. पाप झाकायला मारलेल्या रंगानेच ट्रॅक्टरचा गळा धरला होता. काचपेपरचे चार हात मारले असते तर काम झालं होतं.

काकूंनी ते मारले नाहीत.

सासऱ्यांची त्यांना एक शिकवण होती. एक दोष सापडला म्हणून थांबायचं नाही, सगळी वाट तपासायची. त्यांनी तपासणीचा दिवा चावीकडून सेल्फला जाणाऱ्या बारीक तारेवर लावला, ट्रॅक्टर मुद्दाम गिअरमध्ये टाकला आणि चावी फिरवली. दिवा लागायला नको होता. लागला.

काकू पुन्हा खाली गेल्या. गिअरबॉक्सवरचा स्विच जागेवर होता, दिसायला छान, निळा. त्याच्या दोन्ही तारा मात्र कापून एकमेकींत पिळल्या होत्या आणि वर टेप गुंडाळली होती. टेप अजून नवी होती, चकाकत होती. एवढं सगळं होऊनही स्विच जरा अडखळल्यावर या माणसाने तेच केलं होतं. पुन्हा डायरेक्ट.

ट्रॅक्टरखाली आडव्या पडलेल्या काकू बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. बाईंना वाटलं, बाईमाणूस दमलं. दमल्या वगैरे काही नव्हत्या. त्या तिथे पडल्या पडल्या सुख भोगत होत्या.

पण आत्ताची टेप आत्ताचं सांगत होती, तेव्हाचं नाही. दाखवली तर डायरेक्ट म्हणाला असता, परवाच तात्पुरती केली होती, बदलणारच होतो. ते त्याला शोभून दिसलं असतं आणि आजोबांनी मानही डोलावली असती. काकूंना टेप नको होती. त्यांना त्याचं तोंड हवं होतं.

बाहेर येऊन त्यांनी हात पुसले आणि बाईंना म्हणाल्या, "भावजींना फोन लावा. सांगा, वहिनींना जमत नाहीये."

"पण तुम्ही तर..."

"सांगा तसंच. जमत नाहीये म्हणा. हात टेकले म्हणा."

हे शब्द स्वतःविषयी दुसऱ्याच्या तोंडी घालणं काकूंना किती जड गेलं असेल, ते त्यांना ओळखणाऱ्यालाच कळेल. बाई फोनवर बोलत होत्या तेवढा वेळ त्यांनी झेंडूच्या वाफ्याकडे तोंड केलं होतं आणि कानात बोटं घातली होती.

मग बॉनेट लावायच्या आधी त्यांनी सेल्फवरची ती बारीक तार उपसून बाजूला वळवून ठेवली. आता चावी कितीही फिरवली तरी सेल्फ हलणार नव्हता. काकू सुडासाठी वाटेल ते करतील, पण सुरक्षिततेत तडजोड करणार नाहीत. यात धोका एकच होता आणि तो मोठा होता. डायरेक्टने चावी फिरवली असती तर काहीच झालं नसतं आणि तो म्हणाला असता, बघा, स्विच ठणठणीत आहे. काकूंचा खेळ तिथेच खलास, कायमचा, तोही आजोबांच्या देखत. सगळा डाव दिराच्या एकाच गोष्टीवर उभा होता. तो खोटारडा होता, खुनी नव्हता.

डायरेक्ट शीळ घालत आला. स्कूटर लावली, केसांवरून हात फिरवला. "काय वहिनी, अडलं का? सांगितलं होतं मी बाईंना, म्हातारं झालंय मशीन."

"हो ना," काकू म्हणाल्या. "तुमच्याशिवाय व्हायचं नाही हे. बसा बरं वर, भावजी."

इतकं गोड बोलणं ऐकून तो क्षणभर बिचकला, पण बाई पाहत होत्या, गडी पाहत होते. तो ऐटीत सीटवर बसला. ती गादी त्याच्या थोरल्या भावाने शिवलेली होती आणि या सगळ्यात ती एकटीच निर्दोष होती.

काकू चालत जाऊन ट्रॅक्टरच्या समोर उभ्या राहिल्या. बॉनेटपासून हातभर अंतरावर, हाताची घडी घालून. पाठीमागे नवं काचघर होतं.

"गिअरमध्ये आहे," त्या म्हणाल्या. "तसाच राहू द्या. क्लचला पाय लावू नका. चावी फिरवा."

डायरेक्टचा हात चावीपर्यंत गेला होता. तो तिथेच राहिला.

"वहिनी, बाजूला व्हा ना."

"कशाला? गिअरमध्ये असताना सेल्फ फिरत नाही. तो स्विच असतो ना गिअरबॉक्सवर. तुम्ही स्वतः नवा बसवलात. माझ्या हातचा असता तर मी उभी राहिले नसते हो. तुमच्या हातचा आहे म्हणून बिनघोर उभी आहे. फिरवा."

"न्यूट्रल करतो की आधी."

"नको."

आजोबा खुर्चीतून पुढे वाकले. बोलणं सगळं पोचलं नव्हतं, पण चित्र पोचलं होतं. "फिरव की रे," ते म्हणाले. "ती एवढी हौसेने उभी आहे तर."

"बाबा," बाई म्हणाल्या.

डायरेक्टने चावीवरचा हात काढला, पँटला पुसला, परत ठेवला. काकू हलल्या नाहीत. त्यांना त्याच्या कपाळावरची शीर दिसत होती. सासऱ्यांचीही रागावले की अशीच उठायची. आता हा फिरवेल, त्यांच्या मनात आलं. वैतागून फिरवेल, काहीच होणार नाही आणि मी उरलेलं आयुष्य या पत्र्याशेजारी काढीन.

त्याने चावी काढली आणि मुठीत धरली.

"वहिनी, सरका हो. लागेल तुम्हाला." त्याचा आवाज बारीक झाला होता. "स्विच डायरेक्ट आहे."

बाई काकूंकडे न पाहता त्याच्याकडे पाहत होत्या. "डायरेक्ट म्हणजे?"

"म्हणजे आहे, पण जोडलेला नाही. अडकायचा मध्येच, म्हणून मी... परवाच केलं. बदलणारच होतो."

"आणि तेव्हा?" काकूंनी विचारलं.

"तेव्हाचं वेगळं होतं."

"मग चावी लावा परत."

तो उतरायला लागला. सीटवरून एक पाय खाली आला आणि पायरीवर आडव्या आलेल्या काठीवर थांबला. आजोबा कधी उठून आले ते कुणी पाहिलं नव्हतं.

"आदल्या संध्याकाळी तूच आला होतास," आजोबा म्हणाले. "ही नव्हती. बॅटरी बघायला आलास आणि ट्रॅक्टरखाली काय करत होतास? मी कंदील धरला होता तुला. आज इतक्या वर्षांनी आठवतंय बघ, कंदील मी धरला होता."

डायरेक्ट एक पाय वर आणि एक पाय काठीवर असा अडकून राहिला. गडी पाण्याच्या नळ्या हातात धरून उभे होते आणि पाणी भलत्याच वाफ्यात चाललं होतं. तो मुठीतल्या चावीकडे पाहत म्हणाला, "मीच केला होता. वहिनीच्या वायरिंगमध्ये काही नव्हतं."

आजोबांनी कानामागे हात धरला. "मोठ्याने."

"मी केला होता."

"अरे मोठ्याने बोल. माझा पाय मोडला तेव्हा बरा ओरडत होतास."

मग डायरेक्ट ओरडला. इतक्या मोठ्याने की काचघराच्या काचा थरथरल्या. तो मीच डायरेक्ट केला होता, वहिनीची काही चूक नव्हती, मी घाबरलो आणि खोटं बोललो. शेजारच्या मळ्यात कुणीतरी "काय?" म्हणून विचारलं. काकूंनी त्या दिशेला हात केला. "तिकडेही सांगा." त्याने तिकडेही सांगितलं.

काकूंनी बॉनेट उघडलं आणि बाजूला वळवलेली तार त्याला दाखवली. "फिरवली असतीत तरी काही झालं नसतं."

तो तारेकडे पाहत राहिला. एवढ्याशा तारेपायी आपण ओरडून बसलो, हे त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलं आणि ते सगळं उमटेपर्यंत काकू थांबल्या. घाई केली नाही. इतकी वर्षं वाट पाहिलेली गोष्ट कुणी घाईने खात नाही.

"आता उतरा आणि खाली जा," त्या म्हणाल्या. "उण्याची पट्टी सोडवा. तुमचा निळा रंग खरवडा. लोखंड चमकेपर्यंत."

डायरेक्ट आपल्या कडक इस्त्रीच्या शर्टासह ट्रॅक्टरखाली गेला आणि काचपेपर घासू लागला. काकू खुर्ची मागवून आजोबांच्या शेजारी बसल्या आणि तिथूनच सूचना देऊ लागल्या. आणखी घासा. अजून निळं दिसतंय. हो, मला इथून दिसतं. पट्टी बसली, तारा सोडवून नवा स्विच लागला, सेल्फची बारीक तार पुन्हा जागेवर गेली. गिअरमध्ये टाकून चावी फिरवली, काही झालं नाही. न्यूट्रलला आणून फिरवली आणि बुटका ट्रॅक्टर पहिल्या हिसक्यात असा लागला, जणू त्याचं कधी काही बिनसलंच नव्हतं.

आजोबा बराच वेळ त्या आवाजाकडे कान लावून बसले. मग म्हणाले, "तुला मी भर बाजारात काय काय बोललो."

"ऐकू येत होतं," काकू म्हणाल्या.

"मग आता काय करू?"

"बोलत राहा. फक्त दोन पावलं पुढे या, पत्र्याच्या पलीकडे तोंड करून बोला."

आणि आजोबा येतात. आता त्यांची काठी डायरेक्टच्या दारात वर होते आणि गल्लीला रोजचं ऐकू जातं. बाईंचं सगळं काम काकूंकडे आलं, इतर मळेवालेही आले. यजमानांनी एकदा शिवण चालू असताना मान वर केली आणि "बरं झालं" एवढं म्हणाले. काकूंनी "तेव्हा का नाही म्हणालात?" असं विचारल्यावर मान परत खाली गेली. ते खातं वेगळं आहे.

काही दिवसांनी एका दुपारी पत्र्याच्या कडेने डायरेक्ट स्वतः आला. हातात चहाचे दोन ग्लास होते. एक त्याने काकूंच्या बाकावर ठेवला.

"वहिनी, आता फिटलं ना सगळं? चारचौघांत कबूल केलं मी. ओरडून केलं."

काकू एका सेल्फचं पोट उघडून बसल्या होत्या. त्यांनी चहाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं.

"स्विच डायरेक्ट केलात त्याचं फिटलं," त्या म्हणाल्या. "पाय तुमच्यामुळे मोडला आणि नाव माझं घेतलंत, त्याचंही समजा फिटलं. पण त्यानंतर रोज सकाळी या पत्र्यापलीकडे दुकान उघडत होतात, माझ्या दारात तो म्हातारा मला शिव्या घालतोय ते ऐकत होतात आणि हातोडा मारत राहत होतात. ते अजून मी काढलेलंच नाही, भावजी."

"ते कधी काढणार?"

"बघू. सध्या कामं फार आहेत." त्यांनी चहाचा घोट घेतला. "साखर कमी आहे. आणि तो दिवा इकडे धरा जरा, मला आतलं दिसत नाहीये."

डायरेक्टने दिवा धरला. हात भरून आला तरी धरून राहिला. काकूंचं ते काम, खरं सांगायचं तर, मगाशीच संपलं होतं.